शंभर तास आणि दोन आटे

भुजंग पिराजी सोनकांबळे हा माणूस कुणाचा उपकार विसरत नसे. किती, तर समोरच्याला कंटाळा येईपर्यंत. एखाद्यानं पंधरा वर्षांपूर्वी कधी सायकलवर डबलसीट नेलं असेल, तर आजही तो दिसला की भुजंग रस्ता ओलांडून जाणार, 'जयभीम' किंवा 'रामराम', ज्याला जे चालेल ते घालणार आणि घरादाराची खुशाली विचारणार. त्याची बायको पंचशीला वैतागायची. "अवं, त्या मानसाच्या ध्यानात बी न्हाई ऱ्हायलं. तुमीच कामून आठवण देता?" भुजंग म्हणायचा, "त्याच्या ध्यानात नसंना का. माझ्या हाय."

त्याच्या हिशेबानं त्याच्यावर पहिला उपकार केला तो बहात्तरच्या दुष्काळानं. हे तो स्वतःच सांगायचा आणि ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं झालेलं बघून हसायचा. दुष्काळाच्या आधी तो आणि त्याचा बाप पिराजी दोघंही सालगडी होते. गाव उदगीर तालुक्याच्या अगदी टोकाला, लेंडी नदीच्या अंगाला. उदगीरपेक्षा देगलूरचा बाजार जवळ. दुष्काळ पडला नसता तर बापाच्या जागी लेक आणि लेकाच्या जागी नातू, असंच ते चाललं असतं. पण त्या साली मालकाच्याच घरात दाणा उरला नाही, तिथं गडी कशाला ठेवणार? सगळं गाव, त्यात मालकाच्या सुनाही आल्या, पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागलं. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लालभडक भाकर, दुपारी सुकडी, आणि संध्याकाळी हजेरी.

तलावाच्या पायाचा चर खोल गेला तसं त्यात खालून गढूळ पाणी साचायला लागलं. ते उपसायला सरकारनं एक डिझेल इंजिन आणलं आणि इंजिनाबरोबर देगलूरचा शिवप्पा मिस्त्री आला. शिवप्पाचं बोलणं अर्धं कानडी, अर्धं तेलुगू, आणि शिव्या मात्र चोख मराठी. भुजंग डोक्यावरची पाटी टाकायला चराच्या काठावर यायचा आणि इंजिनाकडे बघत उभाच राहायचा. चौथ्या दिवशी शिवप्पानं मुकादमाला सांगितलं, "ह्याला मला दे. माती वाहायला गाढवं लई हायेत."

शिवप्पानं त्याला इंजिन दातानं ऐकायला शिकवलं. बाभळीची हातभर काठी घ्यायची, एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि दोन्ही कान तळहातांनी बंद करायचे. मग बाहेरचा गलबला जातो आणि आत कुठं काय खडखडतं ते थेट टाळूत ऐकू येतं. भुजंगला ते पहिल्याच दिवशी साधलं. सहा महिन्यांत तो शिवप्पाच्याही आधी सांगायला लागला की बेरिंग गेलंय का व्हॉल्व्ह ढिला आहे. शिवप्पा आनंदून शिव्या द्यायचा.

पुढची दहा-बारा वर्षं भुजंग त्या भागातला इंजिन-मिस्त्री होता. उदगीर, मुखेड, देगलूर. सायकलला पान्यांची पिशवी अडकवून तो विहिरी-विहिरींनी फिरला. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून फुटून निघालं आणि वेगळा जिल्हा झाला. गुलाल उधळला गेला, भाषणं झाली, आणि कागदासाठी उस्मानाबादेला मारायचे खेटे वाचले म्हणून म्हातारी माणसं खरोखर सुखावली. नव्या जिल्ह्याला नवं कलेक्टर ऑफिस आलं, नव्या पाट्या आल्या आणि तीन वर्षांनी शहराबाहेरच्या माळावर एक कारखाना आला.

कारखान्याचं नाव मांजरा-निशिओका इंजिन्स. अर्धं भांडवल इथल्या मंडळींचं, अर्धं जपानी कंपनीचं. मागं उघडा हौदा असलेल्या ज्या छोट्या पिकअप गाड्या तेव्हा नव्यानं रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, त्यांची डिझेल इंजिनं तिथं बनायची होती. यंत्रं आणि नकाशे तिकडचे. जमीन, माणसं, वीज आणि पाणी इकडचं. करारात पानंच्या पानं लिहिली होती म्हणे. पाण्याविषयी त्यात काय लिहिलं होतं ते कोणास ठाऊक, कारण ज्यांनी लिहिलं त्यांच्या गावातून नदी वाहत होती.

भरतीच्या दिवशी आयटीआयची पोरं इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभी होती आणि शेवटी सातवी पास भुजंग, हातात काठी. फाटकावरच्या शिपायाला वाटलं, गुराखी चुकून आला. आत एक इंजिन चालू होतं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न होता: यात काय बिघाड आहे? पोरांनी पुस्तकातलं बरंच काही सांगितलं. भुजंगनं काठी दातात धरली, कान झाकले आणि इंजिनाभोवती एक चक्कर मारली. "तिसऱ्या नळकांड्याला डिझेल कमी पोचून राहिलंय," तो म्हणाला. "बाकीचे तीन भाऊ याचं बी काम करायलेत."

जपानी इंजिनियर ओकुदासाहेब तिथंच उभे होते. पन्नाशीचे, बुटके, कधी न हसणारे. त्यांची दुभाषी बाई पुण्याची. तिनं भुजंगचं बोलणं आधी मनात पुणेरी मराठीत केलं, मग जपानीत सांगितलं. ओकुदांनी काठी मागून घेतली, स्वतःच्या दातात धरून पाहिली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. बिघाड त्यांनीच मुद्दाम केला होता, तिसऱ्याच नळकांड्यात. भुजंग चाचणी विभागात हंगामी म्हणून लागला. त्या दिवसापासून उपकारकर्त्यांच्या यादीत एक जपानी नाव चढलं.

चाचणी विभागाचा फोरमन होता निलंग्याकडचा महादेवप्पा. मनानं लोणी, पण तोंडानं कायम करवादलेला. त्याच्या हाताखाली बारा माणसं, सगळी हंगामी. तयार झालेलं इंजिन लोखंडी चौथऱ्यावर बसवायचं, त्याच्या दांड्याला पाण्याचा ब्रेक जोडायचा, म्हणजे गाडी ओझं घेऊन घाटात चढते आहे असा भार इंजिनावर येतो. इंजिन थंड ठेवायलाही पाणीच. छतावरच्या टाकीतून पाणी यायचं, इंजिनाची उष्णता घ्यायचं आणि गरम होऊन मोरीतून नाल्यात जायचं. दिवसभर, मनगटाएवढ्या धारेनं. व्हॉल्व्हच्या चाकावर तांबड्या रंगाची खूण होती: पूर्ण उघडा.

दोन वर्षं अशी गेली. भुजंगनं आई नागुबाई आणि पंचशीलाला गावाहून आणलं आणि कारखान्यामागच्या वस्तीत पत्र्याची खोली घेतली. आणि मग सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला. त्याआधी ओळीनं पावसानं दगा दिला होता. वस्तीत आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि टँकरमागं बाया धावायच्या. पंचशीला भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. नागुबाई आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यातच धुणं काढायची. घरी असं सगळं बघून भुजंग कामावर यायचा आणि आठ तास मनगटाएवढी धार नाल्यात जाताना बघायचा. पहिले काही दिवस त्यानं तिकडं पाठ करून काम केलं. मग एका दुपारी त्याचा हात आपोआप चाकावर गेला आणि त्यानं व्हॉल्व्ह दोन आटे बंद केला.

काठी दातात धरून त्यानं अर्धा तास इंजिन ऐकलं. काही फरक नव्हता. तापमानाचा काटा जरा वर सरकला होता, पण तांबड्या रेघेच्या खालीच होता. ते वाचलेलं पाणी कुणाला मिळणार होतं का? नाही. ते टाकीतच राहणार, कारखान्याला उद्याचा टँकर थोडा उशिरा लागणार, इतकंच. भुजंगला तेवढंच पुरे होतं. रस्त्यात पडलेला भाकरीचा तुकडा आपण जसा उचलून कडेला ठेवतो, कुणी खाईल म्हणून नाही, तर तो पायाखाली बघवत नाही म्हणून, तसं ते होतं. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या पाळीत तो रोज दोन आटे बंद ठेवायचा आणि पाळी संपताना पुन्हा उघडायचा. कुणाला बोलला नाही.

त्याच महिन्यात मोठी चाचणी ठरली. तोवर इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सगळं बसतं तो लोखंडी सांगाडा, जपानहून यायचा. आता पहिल्यांदा तो इथल्या एका लहान ओतशाळेत ओतला होता. तो बसवलेलं इंजिन पूर्ण भारावर सलग शंभर तास चालवायचं. चाललं, तर ब्लॉक कायमचे इथंच ओतले जाणार आणि चाचणीची बाराही माणसं कायम होणार. महादेवप्पानं सगळ्यांना जमवून सांगितलं, "शंभर तास. मंग आर्डर हातात. तवर बिडी बी बाहेर जाऊन वडायची." त्या दिवशी पंचशीलानं कायम झाल्यावर घ्यायच्या गोष्टी मनात ठरवल्या. त्यात पहिली होती पाण्याची मोठी टाकी.

त्रेसष्टाव्या तासाला इंजिन बसलं. दुपारचे साडेचार वाजले होते, पाळी भुजंगची होती. पत्र्याखाली भट्टी पेटल्यागत झालं होतं. काटा जेवणानंतर चढतच होता, पण भुजंगच्या दातांना सगळं ठीक लागत होतं आणि काट्यापेक्षा त्याचा दातांवर विश्वास होता. मग आवाज एकदम घट्ट झाला, घास अडकल्यासारखं इंजिन किंचाळलं आणि दांडा थांबला. वाफेचा लोट उठला. महादेवप्पा धावत येईपर्यंत भुजंगनं एक गोष्ट केली होती. त्यानं व्हॉल्व्हचं चाक फिरवून तांबड्या खुणेवर आणून ठेवलं होतं.

इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन नळकांड्याला चिकटलेले निघाले. मॅनेजरसाहेब आले, बघून म्हणाले, "ब्लॉक. गावठी ओतकाम. मी आधीच सांगत होतो." सगळ्यांनी माना हलवल्या. ओतशाळेत चाळीस माणसं होती. त्यांना निरोप गेला की काम बंद ठेवा. त्यांचा मालक, स्वतः भट्टीपुढं उभा राहणारा माणूस, दुसऱ्या दिवशी फाटकावर येऊन बसला आणि कुणी आत घेईना तरी उठेना.

भुजंगनं त्याला बघितलं. ओळख ना पाळख. फक्त त्या माणसाच्या हातांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. महादेवप्पा भुजंगच्या मागोमाग डबा खायला आला आणि शेजारी बसून पुटपुटला, "मोरीच्या तोंडाशी वाळलेली रेघ हाय, भुजंगा. धार कधीपासून कमी पडून राहिली ते मला दिसतंय. मी फोरमन हाय, आंधळा न्हाई. पर तू काय बी बोलू नगंस. सुम्मने, गप बस. बारा मानसांचं पोट हाय."

"अन् त्या चाळीसांचं, अप्पा?"

"ते आपल्या खात्यातले न्हाईत," महादेवप्पा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. त्यानं डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी भुजंगनं पंचशीलाला सगळं सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि विचारलं, "सांगितलं तर काडतील का?"

"काडतील."

"न सांगता ऱ्हाता येईल तुमाला?" भुजंगनं नाही म्हणून मान हलवली. "मंग मला कशाला इचारता? उद्या सकाळचीच भाकर बांधून देते. परत येताना बाजारातून पान्यांची पिशवी शिवून आना, ती फाटलीय." म्हणजे पुन्हा विहिरी फिरायची तयारी तिनं करून टाकली. पंचशीलाचे उपकार भुजंगनं कधी कुणापुढं बोलून दाखवले नाहीत, पण त्याच्या यादीत ती कुठं होती हे सांगायला नको.

सकाळी तो ओकुदासाहेबांपुढं उभा राहिला. शेजारी दुभाषी बाई, मॅनेजरसाहेब, आणि दाराशी काळजीनं पिवळा पडलेला महादेवप्पा. भुजंग म्हणाला, "साहेब, ब्लॉकचा दोष न्हाई. पानी मी कमी केलं व्हतं. दोन आटे. इंजन बसल्यावर पुन्हा उघडलं, कुनाला दिसू नये म्हून."

बाईंनी सांगितलं. मॅनेजर खुर्चीतून उठले आणि जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. ओकुदा मात्र भुजंगला घेऊन चौथऱ्यापाशी गेले. त्यांनी चाक स्वतः दोन आटे फिरवलं, धार किती कमी होते ते पाहिलं, पुन्हा उघडलं. मग विचारलं, "का?"

भुजंगनं वस्तीतला टँकर सांगितला, नाला सांगितला, बघवत नव्हतं हे सांगितलं. ओकुदांनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण ते रागावले होते, हे जपानी न येणाऱ्यालाही कळत होतं. बाई जरा अडखळत म्हणाल्या, "ते म्हणतायत, पाणी कमी आहे हे मला माहीत नव्हतं. माझा नकाशा चुकीचा होता. तो मला दुरुस्त करता आला असता. तुम्हाला दिसत होतं. मग तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

इंजिन का बिघडलं हे भुजंग दातानं सांगू शकत होता, पण या प्रश्नाला काय सांगणार? "सुचलंच न्हाई, साहेब," तो शेवटी म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

त्याला निर्णय होईपर्यंत घरी बसवलं. ओतशाळेला निरोप गेला की दोष तुमचा नाही. फाटकावरचा तो मालक जाताना भुजंगच्या वस्तीत आला, दारात उभा राहिला आणि हात जोडून गेला. भुजंगला लाज वाटली. आपल्याच चुकीचे आभार कसे घ्यायचे?

घरी बसलेल्या त्या दिवसांत तो प्रश्न त्याची पाठ सोडीना. एका दुपारी त्यानं तो आईपुढं ठेवला. नागुबाई दाराशी बसून गोधडी शिवत होती. "माय, तो जपानी म्हनतो, पानी कमी हाय तर सांगितलं कामून न्हाई. मला सुचलंच कसं न्हाई गं?"

नागुबाई शिवत राहिली. मग म्हणाली, "आपल्यात पान्याचं कुनी सांगत व्हतं का, बाबा? हिरीवर घागर घिऊन जायचं, लांब उभं ऱ्हायचं. कुनाला दया आली तर तो वतनार. न्हाई आली तर ऊन उतरंपर्यंत उभं. मागायचं न्हाई. मागितलं की घागर बी जायाची अन् पाठ बी सुजायची. तुझ्या आज्ज्यानं एकदा मागितलं व्हतं." तिनं दोरा दातानं तोडला. "तू त्याच हिरीत उतरून लोकांची इंजनं दुरुस करायचा. अन् तान लागली की वर येऊन वंजळ धरायचा. इसरला?"

भुजंग विसरला नव्हता, कसा विसरेल? विहिरीच्या तळाशी पाण्यात कमरेएवढा उभा राहून त्यानं इंजिनं चालू केली होती, आणि प्यायचं पाणी मात्र वरून, लांबून, ओंजळीत. इतकी वर्षं त्याला त्यात राग येण्यासारखं काही दिसलं नव्हतं. ती रीतच होती. त्या दुपारी तो उठून वस्तीबाहेर गेला आणि माळावर बराच वेळ एकटाच चालत राहिला.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. मॅनेजर त्याला काढून टाकायच्या मताचे होते. ओकुदांचं म्हणणं, काढायचं असेल तर नकाशा काढणाऱ्यालाही काढा. दोन्ही बाजूंची पत्रापत्री झाली आणि ठरलं ते असं: चाचणी पुन्हा होईल, त्याच ओतशाळेच्या नव्या ब्लॉकवर. बाराही जणांचं कायम होणं तिच्यावरच अवलंबून. आणि भुजंगनं तोवर कामावर यायचं, त्याला ठेवायचं की नाही हे चाचणी संपल्यावर बघू.

ओकुदांनी मधल्या काळात नवी सोय केली. गरम पाणी नाल्यात सोडायचं नाही; लाकडी पट्ट्यांच्या उंच मनोऱ्यावरून ते खाली पाडायचं, वाऱ्यानं निवलं की पुन्हा टाकीत. मनोरा कुठं उभा करायचा हे विचारायला ते भुजंगकडे आले. "वारं कुठून येतं?" बाईंनी विचारलं. उन्हाळ्याचं वारं कुठून येतं हे नकाशात नव्हतं. भुजंगनं बोट दाखवलं. मनोरा तिथं उभा राहिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चाचणी सुरू झाली. पन्नास तास गेले, साठ गेले, त्रेसष्टावा तास आला तेव्हा बाराही जण पाळी नसताना येऊन उभे राहिले. तो गेला. सत्तर, पंचाहत्तर. भुजंग काठी वापरत होता, पण आता आधी काटा बघायचा आणि मगच काठी दातात धरायचा.

अठ्ठ्याहत्तराव्या तासाला, सकाळी अकराच्या सुमारास, तो टाकीवर चढला. मनोऱ्यावर गरम वारं सुटलं होतं आणि पाणी वाफ होऊन उडत होतं, हिशेबात धरलं होतं त्याच्या दुप्पट. टँकर सकाळी सातलाच यायचा होता, तो आला नव्हता. टाकीत हात घालून त्यानं अंदाज घेतला. तीन तास. फार तर साडेतीन.

तो खाली उतरला. महादेवप्पा म्हणाला, "टँकर यील रं. वाट बघू." वाट बघणं! भुजंगच्या हाडामासात तेच तर मुरलं होतं. वरच्या मजल्यावर दोन्हीकडच्या बड्या मंडळींची बैठक चालू होती. मुंबईहून आलेले, जपानहून आलेले. तिथं आत जायची चाचणीच्या माणसाला मुभा नव्हती. आणि सांगायला गेलं म्हणजे चाचणीत पुन्हा भुजंगमुळंच खोडा, असंच लोक म्हणणार. नोकरी राहायची थोडीफार आशा होती, तीही जाणार.

जिन्याच्या पायऱ्या तो कसा चढला ते त्याला नंतर आठवत नसे. दार ढकलून तो आत गेला. तेलकट कपडे, हातात काठी. सगळे वळून बघायला लागले. मॅनेजर अर्धे उठले. भुजंग ओकुदांकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "साहेब, पानी पुरनार न्हाई. तीन तासाचंच हाय. मला पानी पायजे."

बाई अजून सांगतच होत्या, तोवर ओकुदा खुर्ची सारून उभे राहिले. "तीन तास?" त्यांनी मराठीत विचारलं, आकडे तेवढे त्यांना येत होते. "तीन," भुजंग म्हणाला. मग ते जे काही बोलले त्यानं ती खोली हलली. कुणी फोन घेतला, कुणी जीप काढली. मॅनेजर स्वतः औशाच्या रस्त्याला एका बागाईतदाराच्या विहिरीवर गेले आणि त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून त्यांनी टँकर भरून आणला. टाकीत ढोपरभर पाणी उरलं असताना नवं पाणी पडायला लागलं. इंजिनाला त्यातलं काही कळलं नाही.

शंभरावा तास दुसऱ्या दिवशी सकाळी भरला. महादेवप्पा ओक्साबोक्शी रडला आणि मग इतरांना, रडता म्हणून, त्यानं शिव्या दिल्या. आठवड्यानं बारा पाकिटं आली. भुजंगचं पाकीट ओकुदांनी स्वतःच्या हातानं दिलं. आत कायम झाल्याचं पत्र होतं. भुजंग नुसता दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून उभा राहिला, आणि न हसणारे ओकुदासाहेब तो हात सोडवून घेईनात.

घरी त्यानं पत्र आईला वाचून दाखवलं. पंचशीला डोळे पुसत टाकीची किंमत विचारायला शेजारी गेलीसुद्धा. नागुबाईला कायम-हंगामीतलं काही कळत नव्हतं. तिनं दुसरंच विचारलं.

"तू मागितलं म्हनं. समद्यांच्या म्होरं."

"हाव."

"अन् दिलं?"

"दिलं, माय. उठून उभे ऱ्हायले अन् दिलं."

नागुबाईनं हातातली सुई गोधडीत खोवली. मग म्हणाली, "त्याला म्हनावं, तुझ्या मायनं लेकरू चांगलं वाढवलं."

दुसऱ्या दिवशी भुजंगनं तो निरोप दुभाषी बाईंना सांगितला. त्यांनी नेहमीसारखं आधी मनात पुणेरी केलं, मग जपानीत सांगितलं. ओकुदासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. नागुबाई कुठल्या बाजूला राहते ते त्यांनी विचारलं, आणि भुजंगनं वस्तीकडे हात केला तसे ते त्या दिशेला वळून कमरेत वाकले.